एकशिंगी गेंडा ‘संकटग्रस्त’ नाही: नाशिकच्या स्पर्धा परीक्षा वर्गांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील स्पर्धा परीक्षा वर्गांचे संचालक, पर्यावरण विषयाचे शिक्षक आणि सराव प्रश्नसंच काढणारे सर्व जण

विषय: गेंड्यांच्या संवर्धन-स्थितीबाबत नोट्स आणि प्रश्नसंचांत चालत आलेल्या चुका दुरुस्त करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

अशोक स्तंभापासून गंगापूर रोड, कॉलेज रोडपर्यंतच्या अभ्यासिकांत राज्यसेवा, संयुक्त पूर्व आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून जागा धरून बसतात. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या तालुक्यांतून आलेले त्यांत पुष्कळ. जंगल त्यांच्या घराला लागून आहे आणि यांतलेच काही जण उद्या वनरक्षक, वनपाल, परिक्षेत्र अधिकारी म्हणून जंगलात उभे राहणार आहेत. त्यांच्या हातातल्या नोट्समधला गेंड्यांचा भाग तुम्ही एकदा शांतपणे वाचून पाहावा, एवढ्यासाठी हे पत्र.

‘एकशिंगी गेंडा: संकटग्रस्त.’ ही ओळ एका बॅचच्या झेरॉक्सवरून दुसरीत उतरत आली आहे. ती एकेकाळी बरोबर होती. १९८६ पासून हा गेंडा आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त, म्हणजे ईएन गटात होता. २००८ मध्ये त्याला धोक्याच्या एका पायरीने खाली, असुरक्षित म्हणजे व्हीयू गटात आणले आणि २०१८ च्या तपासणीतही तो तिथेच राहिला. आज परीक्षेला बसणाऱ्या कित्येकांनी शाळेत पाऊल टाकले तेव्हाच ही ओळ जुनी झालेली होती.

पण शब्द बदलून काम संपत नाही. नोट्समध्ये ‘संकटग्रस्त’ खोडून ‘असुरक्षित’ लिहिले तरी पुढची तपासणी होईपर्यंतच ते टिकेल. आमचे म्हणणे असे आहे की स्थिती हा प्राण्याला चिकटलेला गुण नव्हे. ठरावीक तारखेला, ठरावीक निकषावर लागलेला तो निकाल असतो. निकाल पाठ करून घ्यायचा आणि निकष शिकवायचाच नाही, यातून या सगळ्या चुका निघतात.

एक साधा प्रश्न वर्गात विचारून पाहा. आफ्रिकेतले काळे गेंडे आज सहा हजारांवर आहेत. भारत आणि नेपाळ मिळून एकशिंगी गेंडे चार हजारांच्या थोडे वर. मग जास्त संख्येचा काळा गेंडा अतिसंकटग्रस्त, म्हणजे सीआर गटात आणि कमी संख्येचा एकशिंगी गेंडा त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, हे कसे? ज्याने फक्त शब्द पाठ केले आहेत तो इथे थांबतो.

आययूसीएनचे निकष पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. ए पाहतो घसरण किती झाली. बी पाहतो वावराचा प्रदेश किती उरला. सी म्हणजे थोडी संख्या आणि तीही घटती. डी म्हणजे संख्या इतकी थोडी की घट नसली तरी धोका. ई म्हणजे नामशेष होण्याच्या शक्यतेचे गणित. पाचांपैकी कोणत्याही एकाने जी सर्वांत वरची पायरी मिळते, तीच त्या जातीची स्थिती. सरासरी काढत नाहीत. एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी अर्धा गोंधळ मिटेल.

आता एकशिंगी गेंडा निकषांतून चालवून पाहू. ए मध्ये मागच्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा त्यात, किती टक्के घट झाली ते बघतात. साधारणपणे ३० टक्क्यांना असुरक्षित, ५० ला संकटग्रस्त, ८० ला अतिसंकटग्रस्त. एकशिंगी गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्याही आत आला होता आणि तिथून तो वाढतच आला आहे. ए लागू नाही. सी साठी प्रौढ, म्हणजे पिल्ले देऊ शकणारे प्राणी मोजायचे. नोट्समध्ये हे कुठेच येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मार्च २०२२ च्या गणनेत काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले. त्यांत प्रौढ १,८२३. बाकीची वयात येणारी जनावरे, पाडसे आणि अंगावर पिणारी पिल्ले. म्हणजे शंभरात सत्तर प्रौढ. हेच प्रमाण चार हजारांना लावले तर २,८०० येतात. सी मध्ये असुरक्षितची मर्यादा १०,००० प्रौढांची आहे, म्हणून वाटते की बसेल. पण त्याला जोडून सतत घट हवी, आणि ती नाही. डी मध्ये मर्यादा १,००० ची; तीही ओलांडलेली. उरला बी. वावराचा एकूण प्रदेश २०,००० चौरस किलोमीटरच्या आत, स्थाने दहा किंवा कमी, आणि अधिवासाचा दर्जा घसरतो आहे. इथे तो बसतो. म्हणजे हा गेंडा संख्येमुळे यादीत नाही, जागेमुळे आहे.

बी मधला ‘स्थान’ हा शब्द सर्वांत जास्त चुकतो. नोट्समध्ये स्थान म्हणजे अभयारण्य असे धरलेले असते. आययूसीएनच्या भाषेत स्थान म्हणजे एका संकटाच्या तडाख्यात एकदम सापडू शकेल एवढा टापू. नाशिकच्या मुलांना हे समजवायला लांब जायला नको. दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आले की गोदाघाटावरची सगळी दुकाने एकाच दुपारी पाण्याखाली जातात. दुकाने पन्नास असली तरी पुराच्या हिशेबी स्थान एकच. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरले तर तोही त्याच स्थानाचा भाग. काझीरंगाचे तसेच आहे. जगातले निम्म्याहून जास्त एकशिंगी गेंडे ब्रह्मपुत्रेच्या एका काठावर आहेत. पाणी चढले की ते कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात, वाटेत महामार्ग आडवा येतो. म्हणून उद्यानात मातीचे उंच भराव घालावे लागले आहेत. मोठा पूर, एखादी साथ किंवा शिकाऱ्यांची लाट, काहीही आले तर फटका एकाच जागी बसेल. म्हणूनच १९८४ मध्ये दुधव्यात आणि २००८ पासून मानसमध्ये गेंडे नेऊन सोडले. ‘दुधवा: गेंडा पुनर्वसन’ ही जोडी तुमच्याकडे पाठ करून घेतली जाते. हे स्थान वाढवण्याचे काम होते, हे कारण सोबत सांगितले तर ती जोडी विसरणार नाही.

अधिवासाचा दर्जा घसरतो म्हणजे काय, हेही डोळ्यांसमोर आणता येते. गेंड्याला उंच गवत, आखूड गवत आणि चिखलाची डबकी एकमेकांना लागून हवीत. गवताळ भागात मायकेनियाच्या वेली आणि काटेरी मिमोसा पसरतो, तळी गाळाने भरतात, गवताच्या जागी झुडपे येतात. नकाशावर उद्यान तेवढेच राहते, खाण्याची जागा मात्र आक्रसते. घाणेरीने वेढलेली आपल्याकडची माळराने ज्याने पाहिली आहेत, त्याला हे दोन वाक्यांत कळेल.

काळ्या गेंड्याची गोष्ट निकष ए ची. १९६० ते १९९५ या काळात त्याची संख्या सुमारे ९८ टक्क्यांनी घटून अडीच हजारांच्या आत आली. गेंड्याची एक पिढी धरतात साधारण साडेचौदा वर्षांची, म्हणजे तीन पिढ्या सुमारे ४४ वर्षे. २०२० च्या तपासणीत मागे वळून पाहिले तेव्हा त्या पडझडीची पुढची वर्षे अजून या ४४ वर्षांच्या खिडकीत होती, म्हणून अतिसंकटग्रस्त. संख्या आता हळूहळू वाढते आहे, तरीही. एक बारकावा इथे शिकवण्यासारखा आहे: ही खिडकी दरवर्षी पुढे सरकते. उद्या काळा गेंडा या गटातून बाहेर आला, तर जंगलात त्या वर्षी काही मोठे घडले असेलच असे नाही. पडझडीची वर्षे खिडकीबाहेर गेलेली असू शकतील. अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारे लांब चोचीचे गिधाडही याच निकषाने अतिसंकटग्रस्त आहे. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरे खाणाऱ्या या पक्ष्याची संख्या काही वर्षांतच कोसळली. गेंडा आणि गिधाड एका तासात, एका निकषाखाली शिकवता येतात.

पांढऱ्या गेंड्याबद्दलच्या चुका वेगळ्या आहेत. ‘२०१८ मध्ये शेवटचा नर मेल्याने पांढरा गेंडा नामशेष झाला’ हे वाक्य चुकीचे आहे. १९ मार्च २०१८ रोजी केनियातल्या ओल पेजेटामध्ये मेलेला सुदान हा उत्तरी पांढऱ्या गेंड्यांचा शेवटचा नर. ही उपजात आहे. तिच्या नाजिन आणि फातू या दोन माद्या उरल्या. जात म्हणून पांढरा गेंडा संकटसमीप, म्हणजे एनटी गटात आहे आणि दक्षिणी उपजातीचे सुमारे सोळा हजार गेंडे आहेत. ‘जानेवारी २०२४ मध्ये उत्तरी पांढऱ्या गेंड्याची गर्भधारणा यशस्वी’ हेही तसेच. तेव्हा जाहीर झालेला, ७० दिवस वाढलेला गर्भ दक्षिणी उपजातीचा होता, भाडोत्री मादीही दक्षिणी होती, आणि ती जंतुसंसर्गाने मेल्यावरच तो सापडला. पद्धत चालते एवढे त्यातून कळले. ‘पांढरा’ हे नाव रुंद तोंडासाठीच्या डच शब्दावरून आले, ही प्रसिद्ध गोष्टही गाळावी. तिला लेखी आधार नाही. दोन्ही आफ्रिकी गेंडे राखाडीच. ओळखायचे ओठावरून: पांढऱ्याचा चपटा, गवत कापणारा, काळ्याचा टोकदार, फांदी पकडणारा.

संकटसमीप म्हणजे निर्धास्त, असेही मुलांना वाटू देऊ नका. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये शिकार झालेले गेंडे १३ होते, २०१४ मध्ये १,२१५. २०२४ मध्येही ४२० गेले.

आता सुमात्रन गेंडा. नोट्समध्ये याला सहसा एक ओळ मिळते, आणि याच्याइतका शिकवण्यासारखा प्राणी या यादीत दुसरा नाही. २०१९ च्या तपासणीत प्रौढ सुमारे ३०. डी मध्ये अतिसंकटग्रस्तची मर्यादा ५० ची आहे, त्यामुळे इथे बाकीचे निकष बघण्याआधीच निकाल लागतो. एकेकाळी हा केसाळ, दोन शिंगांचा, सर्वांत छोटा गेंडा आपल्या ईशान्येतही होता. आज तो सुमात्रात आणि बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, एकमेकांपासून तुटलेल्या जंगलांत उरला आहे. त्याचे खरे दुखणे इथेच आहे. नर-मादीची गाठच पडत नाही. बराच काळ गाभण न राहिलेल्या मादीच्या गर्भाशयात गाठी धरतात आणि मग नराची भेट झाली तरी पिल्लू राहत नाही. म्हणजे शिकार पूर्ण थांबली तरी ही जात संपू शकते. मलेशियातली शेवटची मादी इमान २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेली, तिलाही गर्भाशयाच्या गाठींनी ग्रासले होते. शेवटचा नर टॅम त्याच वर्षी मेमध्ये गेला होता.

बंदिवासातल्या प्रजननाबद्दल ‘यशस्वी प्रयोग’ असे दोन शब्द लिहून पुढे जाऊ नका. १९८४ पासून चाळीस गेंडे पकडले गेले आणि बहुतेक पिल्लू न देताच मेले. पहिली चूक चाऱ्याची झाली. झाडपाला खाणाऱ्या या प्राण्याला कोरडे गवत घातले गेले; वड-उंबराच्या कुळातल्या फायकसची पाने द्यायला लागल्यावर उरलेले सावरले. दुसरी अडचण भेटीची. एरवी एकटे राहणारे नर-मादी चुकीच्या दिवशी एकत्र सोडले तर एकमेकांना जखमी करतात. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात टेरी रॉथ यांनी सोनोग्राफीने मादीचे बीजकोश पाहत तो दिवस नेमका शोधला. या मादीत बीज समागमानंतरच सुटते, हे त्यातूनच उलगडले. तरीही एमी नावाच्या मादीचे पाच गर्भ गेले. सहाव्या वेळी तिला प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक दिले आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदलास जन्मला. बंदिवासात गर्भ राहून वाढलेले ११२ वर्षांतले पहिले पिल्लू. तोच अंदलास पुढे सुमात्रातल्या वे कंबासच्या केंद्रात गेला आणि २०१२ मध्ये अंदातूचा बाप झाला. तिथल्या रोसा या मादीने अनेक गर्भपातांनंतर २०२२ मध्ये पिल्लू दिले. २०२३ मध्ये आणखी दोन आली. गर्भ साधारण पंधरा-सोळा महिने पोटात असतो, आणि एका गर्भाला किती हात लागतात हे कळले की ‘प्रौढ ३०’ हा आकडा मुलांना वेगळा दिसेल.

जावन गेंड्याचे थोडक्यात. एकच स्थान: जावाच्या पश्चिम टोकावरचे उजुंग कुलोन. शेजारी क्राकाटोआ, म्हणून त्सुनामीची भीती. व्हिएतनाममधला शेवटचा २०१० मध्ये मारला गेला. तुमच्या नोट्समधला ‘७६’ हा आकडा बदला. २०२४ मध्ये इंडोनेशियात पकडलेल्या टोळ्यांनी २६ गेंडे मारल्याची कबुली दिली; आता संख्या सुमारे ५० धरली जाते. ज्या वर्षांत हे गेंडे मारले जात होते त्या वर्षांतले अधिकृत आकडे चढते होते, हेही सांगा. आणि हा गेंडाही एकशिंगी आहे, त्यामुळे आपल्याकडच्याला ‘भारतीय एकशिंगी’ असे पूर्ण नाव द्यावे.

तीन याद्यांची सरमिसळ हा स्वतंत्र विषय आहे. लाल यादी ही तपासणी आहे, तिला कायद्याचे बळ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ची अनुसूची हा आपला कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सहाऐवजी चार अनुसूची झाल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सचे परिशिष्ट हा देशांमधल्या व्यापाराचा करार आहे. एकातून दुसरे निघत नाही. मोर अनुसूची एकमध्ये आहे आणि लाल यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात. ‘अनुसूची एक म्हणजे अतिसंकटग्रस्त’ ही ट्रिक या एका पक्ष्यापुढे कोसळते. वनरक्षकाला पंचनाम्यात अनुसूची लिहावी लागते, लाल यादीचा गट नाही. इथली चूक परीक्षा संपल्यावरही महागात पडेल.

मराठी शब्दांचाही घोळ मिटवायला हवा. एका प्रश्नसंचात व्हीयूला ‘असुरक्षित’, दुसऱ्यात ‘संवेदनशील’, तिसऱ्यात ‘धोक्यात’. आणि ‘दुर्मीळ’ कशालाही. सर्व वर्गांनी मिळून एकच शब्द धरावा आणि शेजारी सीआर, ईएन, व्हीयू, एनटी ही अक्षरे लिहावीत. ‘धोक्यात आलेल्या जाती’ हा शब्दप्रयोग सीआर, ईएन आणि व्हीयू या तिन्हींसाठी मिळून राखून ठेवावा.

‘सर्वांत संकटग्रस्त गेंडा कोणता?’ असा प्रश्न काढू नका. सुमात्रन आणि जावन दोघेही एकाच गटात आहेत, उत्तरतालिकेवर हरकत येणारच. त्याऐवजी विचारा: काळे गेंडे एकशिंगी गेंड्यांपेक्षा जास्त असूनही वरच्या धोका-गटात का? पर्यायांत घट, प्रदेश, प्रौढांची संख्या आणि अनुसूची द्या. शिंगाबद्दल विचारायचे असेल तर ते केराटिनचे, म्हणजे आपल्या केस-नखांतल्याच द्रव्याचे असते, हाडाचे नाही, एवढे विचारा. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसामने बोकाखातला २,४७९ शिंगे जाळली, त्याचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

तो २२ सप्टेंबर, जागतिक गेंडा दिन, तुम्ही नोट्स तपासण्याचा दिवस ठरवावा. लाल यादीच्या संकेतस्थळावर प्रत्येक जातीच्या पानावर तपासणीची तारीख आणि निकषाची अक्षरे दिलेली असतात. पाच गेंड्यांना पंधरा मिनिटे पुरतात. तपासणी दहा वर्षांहून जुनी झाली तर ती कालबाह्य धरतात, तेही तिथेच कळते.

ज्या बॅचला नोट्स वाटून झाल्या आहेत, त्यांच्यासाठी खालचे शुद्धिपत्र अर्ध्या पानावर छापून द्यावे. यावर आमचा कसलाही हक्क नाही, जसेच्या तसे वापरा.

‘शुद्धिपत्र. भारतीय एकशिंगी गेंडा: असुरक्षित, व्हीयू, निकष बी, तपासणी २०१८. काळा गेंडा: अतिसंकटग्रस्त, सीआर, निकष ए, तपासणी २०२०. पांढरा गेंडा: संकटसमीप, एनटी, तपासणी २०२०, उत्तरी उपजातीच्या फक्त दोन माद्या. सुमात्रन गेंडा: अतिसंकटग्रस्त, सीआर, तपासणी २०१९, प्रौढ सुमारे ३०. जावन गेंडा: अतिसंकटग्रस्त, सीआर, तपासणी २०१९, एकच स्थान. आधीच्या नोट्समधील “एकशिंगी गेंडा: संकटग्रस्त” ही ओळ रद्द समजावी.’

कळावे,

वन्यजीव विषयाचा अभ्यास करणारे काही नाशिककर